भर दुपारचं गाव

१

सकाळचे साडेदहा. संग्रहालयाचा तिसरा मजला, दुरुस्तीची खोली. खोलीत दोघी जणी, एक टेबल, लाकडी चौकटीत उभं केलेलं एक चित्र आणि उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून येणारा उजेड. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण ज्यांनी जन्मात कधी त्या खोलीत पाय ठेवला नव्हता, तेच नंतर ‘अंधारात भास झाला असेल’ असं सांगत गावभर फिरले. अंधार नव्हता. लख्ख उजेड होता, आणि जे झालं ते उजेडातच झालं.

चित्र सगळ्यांच्या ओळखीचं. शाळेच्या सहलीला आलेलं प्रत्येक पोर त्याच्यासमोर एकदा तरी जांभई देऊन गेलेलं. एक लहानसं गाव. डावीकडे विहीर, उजवीकडे गवताची गंजी आणि एक सोडलेली बैलगाडी. मध्ये उतरत्या छपरांची घरं, त्यांच्याकडे जाणारी वाट. माणूस एकही नाही. सगळ्यावर मधासारखा पिवळा उजेड.

संचालकांनी या चित्रावर एक पुस्तिका लिहिली होती. पिवळा प्रकाश म्हणजे आयुष्याची सांज, वाट म्हणजे परतीची ओढ, मिटलेली दारं म्हणजे तृप्ती आणि रिकामं अंगण म्हणजे सगळे सुखरूप घरी पोचल्याची खूण. पुस्तिका कुणी वाचत नसे. पण चित्रासमोरच्या बाकावर दमलेली माणसं येऊन बसत आणि उठताना त्यांचे खांदे खाली आलेले असत, हे कबूल करायला हवं. संचालकांच्या पदरात तेवढं पुण्य टाकू या. पुढे त्यांच्या वाट्याला फारसं काही येणार नाही.

चित्र पुसायला घेतलं होतं ते कापूसबाईनं. वय पन्नाशीच्या पुढचं, तोंडानं फटकळ, हातानं हलकी. काडीला कापूस गुंडाळायचा, ओला करायचा आणि चित्रावरचं जुनं व्हार्निश नखाएवढ्या जागेतून गोल गोल फिरवत उचलायचं, हे तिचं काम. त्यावरूनच नाव पडलेलं. तिच्या मागे कॅमेऱ्याचा स्टँड लावून उभी होती तिची धाकटी बहीण. घरात आणि आता ऑफिसातही तिला सगळे धाकटीच म्हणत. आई गेली तेव्हा ती कडेवरची होती. तेव्हापासून कापूसबाई तिची ताई आणि आई दोन्ही. धाकटीचा फोटो स्टुडिओ बंद पडल्यावर कापूसबाईनंच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं होतं.

कापूसबाईनं काडी तोंडात घालून ओली केली.

“ताई! एवढ्या नामवंत चित्राला थुंकी लावतेस?”

“थुंकीइतकं सौम्य औषध बाजारात मिळत नाही. वरच्या धुळीला तेवढं पुरतं. पुढे व्हार्निश काढायला बाटलीतलं औषध आहेच.”

“म्हणजे लोक तिकीट काढून तुझी थुंकी बघायला येणार.”

“तुझे फोटो बघायला येण्यापेक्षा बरं. जागेवर उभी राहा.”

जागा ठरलेली होती. एक तुकडा पुसून झाला की फोटो, तोही दर वेळी त्याच ठिकाणाहून. कापूसबाई स्टुलावर, तिच्या पाठीमागे धाकटी, धाकटीच्या पाठीमागे कपाट आणि भिंत. धाकटीच्या पायाखालची एक फळी सैल होती. तिनं एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला की फळी करकरे. त्यामुळे मान न वळवताही कापूसबाईला बहीण कुठे आहे ते कळत असे.

२

आधी आभाळ घेतलं. कापूस चहात बुडवल्यासारखा तपकिरी होऊन येई, टोपलीत पडे. नवी काडी, नवा कापूस. तळहाताएवढा तुकडा मोकळा झाला आणि कापूसबाईचा हात थांबला.

“धाकटे, इकडे ये. हा रंग कसला दिसतो तुला?”

“निळा. पांढुरका निळा. उन्हानं डोळे दिपावेत तसा.”

“संध्याकाळचं आभाळ असं असतं?”

धाकटीनं आभाळ बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि स्टुलावरच चढली. “ताई, ही संध्याकाळ नाहीच!”

“खाली उतर. स्टूल मोडशील.”

पण कापूसबाईनंही नाक आभाळाला टेकेल इतकं जवळ नेलं होतं. या धंद्यात एखादीच्या नशिबी अख्ख्या आयुष्यात एकदा येतो असा दिवस. पुढचे काही दिवस दोघी जेवणाचा डबाही उभ्या उभ्या खात होत्या. जसजसा पिवळा थर निघाला तसतशी संध्याकाळ कापसाला लागून टोपलीत गेली आणि खाली भर दुपार निघाली. ज्यांना लोक लांब सावल्या समजत होते ते व्हार्निशचे जुने ओघळ होते. खऱ्या सावल्या होत्या त्या आखूड. गंजीची सावली गंजीच्या बुडाशी गोळा झालेली, गाडीची सावली नेमकी गाडीखाली.

“म्हणजे एवढी वर्षं लोक मळासमोर बसून शांत होत होते,” धाकटी म्हणाली आणि पोट धरून हसली.

कापूसबाईही हसली. मग तिनं भिंग उचलून विहिरीकडे नेलं आणि तिचं हसू अर्धवट राहिलं. पिवळ्या उजेडात विहिरीवरची बादली टांगून ठेवल्यासारखी दिसायची. आता दिसलं की दोराचं दुसरं टोक कुठेच बांधलेलं नाही. ते हवेत उडालेलं होतं. बादली कलंडलेली, तिच्या काठावरून पाण्याची जीभ बाहेर आलेली. बादली टांगलेली नव्हती. पडत होती. ओढणाऱ्यानं दोर त्याच क्षणी सोडला होता.

“भर दुपारी,” कापूसबाई स्वतःशीच म्हणाली, “एका अख्ख्या गावाची दारं बंद का?”

३

संचालक वर आले ते दारातच खिळले. “माझी संध्याकाळ कुठे गेली?”

“साहेब, टोपलीत आहे. हवी तर घेऊन जा.”

“थट्टा करू नका! तुम्ही रंग खरवडलात!”

“रंग नाही, मळ. विश्वास नसेल तर हा कोपरा बघा. नियमाप्रमाणे एक चौकोन न पुसता ठेवलाय, आधी काय होतं ते दाखवायला.” तिनं बोट दाखवलं. उजवीकडच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी संध्याकाळ शिल्लक होती.

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “पण पुस्तिकेत मी स्पष्ट म्हटलंय की मिटलेली दारं म्हणजे तृप्ती...”

“दुपारी बारा वाजता?”

“ऊन आहे. लोक झोपले असतील.”

“दोर हातात असताना?”

संचालकांना विहीर दाखवली. त्यांनी ती नीट बघितलीच नाही. त्यांचा चेहरा एव्हाना बदलू लागला होता. आधी राग, मग हिशेब, मग हळूहळू आनंद. “कापूसबाई, म्हणजे हा शोध आहे!”

“आहेच.”

“आपल्या संस्थेचा शोध!”

दुसऱ्या दिवशी फलकावर कागद लागला: ‘संचालकांनी लावला दुर्मीळ शोध.’ संस्था म्हणजे असंच असतं. शोध लागतो एकाला आणि लावतो दुसराच. कापूसबाईनं कागद वाचला, एक अस्सल शिवी हासडली आणि वर जाऊन नवी काडी गुंडाळली. तिला त्या क्षणी मानापमानाला वेळ नव्हता. तिला खिडक्या खुणावत होत्या.

४

घरांच्या खिडक्या तपकिरी रंगानं भरलेल्या होत्या. भिंगाखाली धरल्यावर तिच्या लक्षात आलं की हा तपकिरी मूळ चित्राचा नाही. तो आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्यानं वर चढवलेला आहे. त्यात नवल नाही. मूळ रंग जिथे उडाला असेल तिथे दुरुस्तीवाला नवा भरतो आणि असा भरतो की पुढच्याला तो सहज काढता यावा. या माणसानंही नियम पाळला होता. बाटलीतल्या औषधाचा एक हात फिरवला की त्याचा तपकिरी विरघळत होता.

नवल दुसरंच होतं. त्याच्या रंगाखाली चित्राला ओरखडासुद्धा नव्हता. जे मोडलंच नव्हतं ते त्यानं दुरुस्त केलं होतं.

“झाकलं म्हण की,” धाकटी मागून म्हणाली. फळी करकरली.

“हो. पण पुन्हा उघडता येईल असं झाकलं. म्हणजे त्याला बघवतही नव्हतं आणि पुसून टाकायचा धीरही नव्हता.”

पहिल्या खिडकीत आधी एक कपाळ आलं. मग डोळे.

“ताई! माणूस! माणूस आहे आत!”

“किंचाळू नकोस, हात हलतो माझा!” असं म्हणताना कापूसबाई स्वतःच ओरडत होती.

मग थांबणं शक्यच नव्हतं; तोच तपकिरी गंजीवर, गाडीच्या चाकामागे, विहिरीच्या कठड्यावरही होता. दुसऱ्या खिडकीत दोन चेहरे, एकमेकांना चिकटलेले. गंजीच्या आड एक म्हातारा, गवतात कानापर्यंत रुतलेला. गाडीच्या चाकामागे एक बाई, मुलाच्या तोंडावर हात दाबून. विहिरीच्या कठड्यावरून फक्त डोळे वर काढलेला एक जण. दोर सोडणारा तोच असणार. प्रत्येक चेहऱ्याला धाकटी टाळी वाजवी आणि फोटो काढी. दोघी लहान मुलींसारख्या चेकाळल्या होत्या.

“रिकामं गाव म्हणे! शांत गाव म्हणे!” कापूसबाई म्हणाली. “अगं, गाव घरी पोचलेलं नाही. गाव लपलंय.”

“कुणाला घाबरून?”

“समोर कोण आहे? आपण. म्हणजे आपल्याला.”

कॅमेऱ्यातून धाकटीनं चेहरे मोठे करून बघितले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, “आपल्याकडे नाही बघत ते, ताई. आपल्या मागे बघतायत.”

कापूसबाईनं भिंग लावलं. खरं होतं. सगळ्यांची नजर खांद्यावरून पलीकडे जात होती.

यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिचं शिकलेलं डोकं तिला लगेच सांगू लागलं. समोर बघणारा चेहरा काढला की तो खोलीत कुठूनही आपल्याकडे बघतोय असं वाटतं. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे. बुबुळ जरा सरकवलं की तोच चेहरा कुठूनही आपल्या मागे बघणार. हातचलाखी आहे, झालं. तरी दोघींनी करून पाहिलं. कापूसबाई दाराशी उभी राहिली: तिच्या मागे. खिडकीशी: तिच्या मागे. दोघी एकीमागे एक उभ्या राहिल्या.

“माझ्या मागे,” पुढे उभी असलेली कापूसबाई म्हणाली. “म्हणजे तुझ्याकडे?”

“छे. माझ्याही मागे.”

“कपाटाला पाठ लाव. आता?”

धाकटीनं पाठ लावली. “आता भिंतीच्या आत,” असं म्हणून ती हसली. पण तिनं पाठ काढून घेतली आणि हात चोळत उजेडात आली.

५

शेवटी राहिलं मधल्या घराचं दार. त्यावरचा तपकिरी सगळ्यात जाड होता. झाकणाऱ्यानं इथे चार-चारदा हात फिरवलेला.

आधी एक तळवा निघाला, समोर केलेला. “थांबा म्हणतोय कुणीतरी,” धाकटी म्हणाली. “पुढे येऊ नका.”

“असेल. थांब, बोटं येऊ देत.”

बोटं आत वळलेली होती. मग मनगट, मग बाईचा खांदा, मग चेहरा, आणि कापूसबाई स्टुलावरून उठली. ती बाई दारातून अर्धी बाहेर आली होती. तिचा दुसरा हात आत कडीवर होता. दार तिनं लावलेलं नव्हतं; कुणीतरी आत शिरण्यापुरतं उघडं धरलं होतं. आणि पुढे केलेला हात थांबवत नव्हता. बोलावत होता. लवकर या, म्हणत होता.

कापूसबाईला एका दमात सगळं दिसलं. हे लोक चित्र बघणाऱ्याला घाबरलेले नाहीत. बघणाऱ्याच्या मागे काहीतरी आहे, आणि त्याला ते दिसत नाही. गाव त्याच्यासाठी जीव मुठीत धरून दार उघडं ठेवून बसलंय. आणि तो इथे बाकावर बसतो. खांदे सैल सोडतो. किती छान वाटतंय म्हणतो.

तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं. चित्र वाचता येणं म्हणजे हे! आणि त्याच श्वासाला दुसरा विचार आला, साधा, कामाच्या जागेचा. बघणाऱ्याच्या मागे. मी बघते तेव्हा माझ्या मागे कोण असतं?

ती झटकन वळली. धाकटी कॅमेऱ्याला डोळा लावून उभी होती. तिच्या मागे कपाट, भिंत, तेवढंच.

“काय गं, अशी काय बघतेस?”

“इकडे ये.”

“फोटो राहिलाय...”

“राहू दे. माझ्या शेजारी येऊन उभी राहा. आत्ता.”

धाकटी कुरकुरत आली. कापूसबाईनं तिचं मनगट धरलं. दोघी खांद्याला खांदा लावून चित्रासमोर उभ्या राहिल्या. दारातली बाई त्यांच्या पलीकडे बघत होती.

आणि मागे, स्टँडजवळ, सैल फळी करकरली.

एकदाच. सावकाश. कुणी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकावा तशी.

दोघींनी मागे पाहिलं. कॅमेरा, कपाट, भिंत.

“लाकूड आहे,” कापूसबाई म्हणाली. “वजन गेलं की उलटतं.”

“हो,” धाकटी म्हणाली. “उलटत असेल.” मग जरा थांबून: “ताई, हात सोड. दुखतोय.”

६

संचालकांच्या अंगात आता वारं शिरलं होतं. दुपारच्या चित्राचं अनावरण दुपारीच करायचं, ही त्यांची कल्पना. तळमजल्याच्या लांब दालनात, एका टोकाच्या भिंतीवर. लपलेले चेहरे त्यांनी लांबूनच पाहिले आणि तिथल्या तिथे नवं भाषण रचलं: “गाव कुतूहलानं पाहुण्याची वाट बघतंय. दारातली गृहिणी म्हणजे स्वागताचं प्रतीक!”

“साहेब, मुलाच्या तोंडावर हात दाबून कोण स्वागत करतं?”

“तुम्ही तपशिलात अडकता.”

“तपशील पुसूनच तर पगार घेते मी. माझं एवढंच ऐका. चित्र लावा, भाषण करा, श्रेय घ्या. पण लोकांच्या खुर्च्या मागच्या भिंतीला लावा आणि फोटोवालीला त्यांच्या मागे उभी करू नका.”

“का?”

तिच्याकडे पदवी होती, तीस वर्षांचं काम होतं, आणि हातात एक करकरणारी फळी. ती काय सांगणार होती? संचालक हसले, दमला असाल म्हणाले आणि रजेचा अर्ज द्या म्हणाले. ज्याला प्रश्न समजत नाही तो नेहमी रजेचा अर्जच पुढे करतो.

मग तिनं धाकटीला गाठलं.

“तू आजारी पड.”

“वेडी आहेस का? नोकरीतलं पहिलं मोठं काम आहे माझं.”

“मग बाजूनं काढ.”

“बाजूनं लोकांची नाकं येतील, चित्र येणार नाही. पाहुण्यांच्या पाठी आणि पलीकडे चित्र, असाच फोटो हवाय त्यांना. फोटोवाला सगळ्यांच्या मागेच असतो, ताई. लग्नात असतो, मयताला असतो.”

“तेच म्हणतेय मी. सगळ्यांच्या मागे तू असतेस.”

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. मग तिनं बहिणीच्या बाहीला चिकटलेला कापूस काढला. “एवढीच भीती वाटत असेल तर तू माझ्या मागे उभी राहा. झालं?”

ती हे सहज म्हणाली. कापूसबाई मात्र तेवढ्यावरच मोकळी झाली. बरोबर आहे, यात अवघड ते काय? कुणीतरी शेवटचं असणारच. ती धाकटी असता कामा नये.

७

दुपारी बारा. दालन चकचकीत पुसलेलं. छतातल्या काचांमधून उन्हाचे मोठे चौकोन जमिनीवर एका ओळीत पडलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चित्राच्या बाजूला पाहुण्यांची गर्दी: विश्वस्त, त्यांच्या बायका, जुने प्राध्यापक, कपबशांचा किणकिणाट. गर्दीच्या मागे धाकटी, कॅमेरा गळ्यात. आणि धाकटीच्या पाठीला पाठ लावून, चित्राकडे पाठ करून कापूसबाई. तिच्यासमोर दालनाची उरलेली सगळी रिकामी लांबी आणि शेवटी एक बंद दार.

“ताई, लोक बघतायत.”

“बघू देत. तू फोटो काढ.”

मागे संचालकांचं भाषण सुरू झालं. प्रतीक, स्वागत, कुतूहल. पडदा सरकल्याचा आवाज. टाळ्या. आणि कापूसबाईच्या मनात एक विलक्षण हुरूप दाटला. तिचं चित्र उघडं झालं होतं. तिनं स्वतःच्या हातानं उघडलेले ते सगळे डोळे आता या दालनात बघत होते. काहीही होत नव्हतं. दार बंद होतं, ऊन जागच्या जागी होतं. तिला स्वतःचंच हसू येऊ लागलं.

तेवढ्यात सगळ्यात लांबचा, दाराजवळचा चौकोन विझला.

ढग असेल, ती मनाशी म्हणाली.

त्याच्या अलीकडचा विझला.

ढगच. ढग पुढे सरकतो, चौकोन एकामागून एक झाकले जातात, यात काय मोठं? पण ढगाची कड मऊ असते. ऊन कोमेजत जातं. हे कोमेजत नव्हतं. काचेवर पुठ्ठा ठेवावा तसं एकदम जात होतं. आणि मागचा चौकोन परत उजळत होता, मगच पुढचा जात होता. एका वेळी एकच. एकातून दुसऱ्यात पाऊल टाकल्यासारखं. काचेखाली, हवेत, जमिनीवर काहीही नव्हतं. फक्त ऊन नव्हतं.

ती पळाली नाही. एवढं तिच्याबद्दल छापून ठेवायला हवं. तिनं दोन्ही हात आडवे पसरले, दारात उभं राहून रस्ता अडवावा तसे, आणि पाठ बहिणीच्या पाठीला घट्ट टेकवली.

“ढकलू नकोस ना, ताई. हलतोय फोटो.”

मागचा आवाज बंद झाला होता. कधी झाला ते कळलं नाही. भाषण नाही, कपबशी नाही, खोकला नाही. एवढी माणसं असलेल्या दालनात नुसती चुप्पी. समोरचा चौकोन विझला. मग तिच्या चपलांच्या टोकापासून सुरू होणारा. थंड वगैरे काही वाटलं नाही. वाटलं एवढंच की समोर कुणीतरी थांबलंय आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे बघतंय.

“धाकटे,” ती पुटपुटली, “काढ लवकर.”

क्लिक.

ऊन परत आलं. सगळे चौकोन, एका ओळीत, जसेच्या तसे. मागे संचालकांचं वाक्य मध्येच तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं, कुणीतरी हसलं, चमचा वाजला. कापूसबाईचे हात अजून आडवेच होते. धाकटीनं वळून तिच्याकडे पाहिलं. “अगं, घाम बघ केवढा! झालं की सगळं. काही झालं का?”

“नाही,” कापूसबाई म्हणाली आणि तिनं भर दालनात बहिणीला मिठी मारली. तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं. “काही नाही झालं. काही म्हणजे काही नाही. फोटो आला का तुझा?”

“बघू या की.” धाकटीनं कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला.

त्या फोटोला आज चार महिने झाले. तो खोटा आहे असं संचालकांनी लेखी दिलं आहे. कसा खोटा, ते दिलेलं नाही. मूळ फाइल दोन जाणकारांनी तपासली. तिच्यात काहीही जोडलेलं किंवा काढलेलं नाही. पाहुण्यांपैकी प्रत्येकाला विचारून झालं, काहींना दोनदा. सगळे एकच सांगतात: आम्ही पूर्ण वेळ चित्राकडे बघत होतो, मागे कुणीही वळलं नाही. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना तसंच आठवतं. धाकटी अजून कामावर जाते, अजून सगळ्यांच्या मागे उभी राहून फोटो काढते, आणि प्रत्येक वेळी तिच्या मागे तिची ताई उभी असते.

फोटो पाहुण्यांच्या पाठींचा काढलेला होता. त्यात पाठ एकाचीही नाही. विश्वस्त, त्यांच्या बायका, प्राध्यापक, तोंड उघडं राहिलेले संचालक, झाडून सगळे कॅमेऱ्याकडे वळलेले आहेत. पण एकही जण कॅमेऱ्यात बघत नाही. धाकटीच्या मागे उभी असलेली कापूसबाई तिच्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. आणि त्या सगळ्यांच्या नजरा वर आहेत, दोघींच्या डोक्यांच्या खूप वर.